खरेदीसाहेब घरातलं इंटरनेट वाटतात

घरात एक संगणक पुरतो असं जे नवरे सांगतात, त्यांच्या घरात बायको त्या संगणकावरची फक्त धूळ पुसते. एवढाच त्याचा अर्थ. दुसरा कुणाला सापडला तर त्याने खुशाल सांगावा.

खरेदीसाहेबांच्या घरी तसंच होतं. हे नाव त्यांना पाणीपुरवठ्याच्या कचेरीने दिलं. उभी हयात त्यांनी तिथल्या खरेदी विभागात काढली. निवृत्त झाल्यावर खुर्ची गेली, शिपाई गेला, नाव तेवढं घरी आलं. इमारतीतली माणसं त्यांना खरेदीसाहेबच म्हणत, काही आदराने, बरीचशी सवयीने, आणि तळमजल्यावरची दातांची डॉक्टर हसू दाबून.

त्या दिवसांत टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट घरोघर यायला नुकती सुरुवात झाली होती. कंपनीचा माणूस येऊन एक काळी पेटी ठेवून गेला, पेटीतून एक तार साहेबांच्या संगणकात गेली, आणि साहेब जगाशी जोडले गेले. जोडले जाऊन काय करत? सकाळी दहा ते एक इंटरनेटवरचा पत्त्यांचा डाव लावत. एकट्याने खेळायचा. अधूनमधून वर्तमानपत्रांना पत्रं पाठवत, रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल, नाहीतर लोकांच्या बेशिस्तीबद्दल. पत्रं छापून येत नसत, पण पोच येई. 'आपले पत्र मिळाले. आभारी आहोत.' ही पोच यंत्र आपोआप पाठवतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कशाला सांगायचं? माणूस त्यावर जगत होता.

अशात बायकोला काम मिळालं.

शाळेची पुस्तकं काढणारं एक प्रकाशन होतं. छापायच्या आधीची पानं तपासून त्यातल्या चुका काढायच्या. बायकोची नजर अशी की सामान बांधून आलेल्या कागदावरची जाहिरातसुद्धा ती पेन्सिलीने दुरुस्त करून मगच टाकून द्यायची. प्रकाशनवाल्या बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "सोमवारी दहाला इंटरनेटवर पानं येतील. एकच्या आत तपासून परत. पहिल्याच दिवशी तुम्ही जागेवर नसलात तर मला दुसरीला बोलवावं लागेल. रागावू नका, रांग लागलीय."

जन्मात पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या नावाने काही आलं होतं. लग्नपत्रिका सोडून. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ फोनवरची खोळ सारखी करत उभी राहिली.

मग म्हणाली, "अहो, सोमवारपासून दहा ते एक मी तुमच्या संगणकावर बसू का?"

साहेबांनी नुकताच चौकटचा गुलाम उचलला होता. तो तसाच पडद्यावर लोंबकळत राहिला.

"संगणक हा ज्याचा त्याचा असतो," ते म्हणाले. "टूथब्रशसारखा."

"टूथब्रश कुणी तीन तास फिरवत बसत नाही."

"तुला मी स्वतंत्र सोय करून देतो ना! लेकीचा जुना संगणक आतल्या खोलीत पडलाय. त्याला इंटरनेट देतो. एकच इंटरनेट, दोघांत वाटून घेऊ. अख्खा आठवडा आहे हातात."

इथे जरा नीट ऐका. ह्यापुढे जे जळलं, जे फुटलं आणि ज्याला भोक पडलं, ते सगळं एका माणसाला तीन तास खुर्चीवरून उठायचं नव्हतं म्हणून. ह्यालाच घरातले पुरुष उदारपणा म्हणतात.

साहेबांना मात्र तरतरी आली. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच खरेदी निघाली होती. आणि खरेदी म्हणजे दुकानात जाऊन वस्तू आणणं नव्हे. तसं अडाणी लोक करतात. खरेदी म्हणजे आधी गरजेचं टिपण, मग तीन जाणकारांची मतं, मग तीन दरपत्रकं, मग सगळ्यांत कमी दर. ह्याच रीतीने त्यांनी एकदा कचेरीसाठी पाणी थंड करायचं यंत्र घेतलं होतं. ते येईपर्यंत कचेरी नव्या इमारतीत गेली, तिथे यंत्र आधीच होतं. साहेबांनी घेतलेलं नवंकोरं यंत्र व्हरांड्यात उभं राहिलं. त्यावर फायली ठेवायची उत्तम सोय झाली. कुणी कुत्सित बोललं तर साहेब छाती काढून म्हणत, "नियमात एक चूक दाखवा!" ती कधीच सापडली नाही. फक्त त्या यंत्रातून कुणाला पाणी मिळालं नाही.

तीन जाणकार कोण? इमारतीतलेच.

वरच्या मजल्यावर बँकेतला कॅशियर राहायचा. इमारतीचा सचिवही तोच. तो दारात उभ्याउभ्याच म्हणाला, "हब घ्या, एका तारेच्या चार करणारं. आमच्या बँकेत हबच आहे."

"चांगलं चालतं?"

"चालतं की. बंद नसलं की चालतं."

समोरच्या घरात शाळेत भूगोल शिकवून थकलेले मास्तर होते. त्यांना प्रश्न विचारणं म्हणजे धरणाचा दरवाजा उघडणं. त्यांनी टेबलावर पाणी सांडून बोटाने नदी काढली, नदीला कालवे काढले. "हब म्हणजे काय साहेब, पूर! पाणी सगळीकडे. ज्याला नको त्याच्याही घरात. स्विच म्हणजे कालवा. ज्याचं पाणी त्याच्या शेतात. स्विच घ्या." नदी टेबलाच्या कडेवरून साहेबांच्या विजारीत उतरली, तेव्हा भेट संपली.

ओली विजार घेऊन ते तळमजल्यावर डॉक्टरकडे गेले. तिच्या दवाखान्यात दोन संगणक होते, म्हणजे तिला कळत असणार. बाहेर रांग होती. साहेब रांगेत बसले, कारण रांग म्हटलं की बसायचं, हे त्यांच्या रक्तात होतं. नंबर आला, आत गेले, खुर्ची रिकामी दिसली, बसले.

"दोन संगणकांना इंटरनेट वाटायचंय. काय घेऊ?"

"राउटर," डॉक्टर म्हणाली. "आ करा."

"राउटरच का, पण—"

"आ करा म्हटलं ना. मागची दाढ बघा कशी झालीय! साहेब, आरशात स्वतःला कधी बघता की नाही?"

पुढे साहेबांना बोलता आलं नाही. बाहेर आले ते अर्धा जबडा बधिर होऊन आणि एक दाढ भरून. मत मिळालं, कारण मिळालं नाही. सरकारी कामात असं चालतं, म्हणून त्यांनी तेही धरलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, मी काय म्हणते, त्या पेटीला मागे—"

"तांद्रिग बाबीद बध्ये बोलू नगोस," साहेब बधिर जबड्यातून म्हणाले, आणि गालाला रुमाल लावून टिपण लिहायला बसले.

तीन जाणकार, तीन वेगळी यंत्रं. तुलना करायची कशाशी? हबची स्विचशी, म्हणजे घोड्याची बैलाशी? मोठा पेच पडला. साहेबांनी ठरवलं की आता थेट कंपनीलाच विचारायचं. जबड्याची बधिरता उतरायची वाट बघायला वेळ नव्हता.

कंपनीच्या फोनवर आधी यंत्र बोललं. नव्या जोडणीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन. साहेबांची तक्रार नव्हती, जोडणीही जुनीच होती. शंकेसाठी काही दाबायची सोय कंपनीने ठेवली नव्हती. कंपन्यांना वाटतं, माणसाला एकतर पैसे भरायचे असतात नाहीतर भांडायचं असतं. साहेबांनी दोन दाबलं. बराच वेळ बासरी वाजली. मग एक मुलगी बोलू लागली.

"नमस्कार, काय तक्रार आहे?"

"तग्रार नाही. दोन संगडगांना—"

"सर, तुमचा आवाज नीट येत नाही. लाईनमध्ये दोष आहे का?"

"लाईनबध्ये नाही. तोंडाद आहे."

"बरं. सर, पेटीवर किती दिवे लागलेत सांगाल?"

"दिवे दिसद नाहीत. खोळ आहे."

"काय आहे?"

आता खोळीचं सांगायलाच हवं. ह्या घरात उघडी वस्तू म्हणून नव्हती. टीव्हीला खोळ, मिक्सरला खोळ, शिवणयंत्राला खोळ, टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीला रबर. नवेपणा टिकला पाहिजे, हा साहेबांचा दंडक. वस्तू खोळीत राहून जुनी होते हे त्यांनी पाहिलं होतं, पण मान्य केलं नव्हतं. पेटी आली त्या संध्याकाळीच त्यांनी बायकोला जुन्या पडद्याच्या कापडातून त्या पेटीसाठी खोळ शिवायला लावली होती. चहूबाजूंनी बंद, खालूनसुद्धा. तारांपुरती मागे एक फट, बटणाच्या काजासारखी. आत पेटी तापायची. साहेब दिवसातून दोनदा खोळीवरून हात फिरवून म्हणायचे, "आज इंटरनेट जोरात आहे."

"सर, खोळ काढा," मुलगी म्हणाली.

"खोळ काढायची नस्दे. धूळ जाते."

"सर, खोळ काढून पेटीच्या मागे बघा, तिथे—"

"बुली," साहेब म्हणाले. म्हणजे मुली. "बी खरेदी अधिगारी होतो. खोळ काढावी का नाही, हे बला शिगवू नगोस." आणि फोन ठेवला. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना टेबलापुढे उभं करून ठेवलं, त्याला एक मुलगी 'मागे बघा' म्हणते! तो अपमान दाढेपेक्षा जास्त ठणकला.

शेवटी नियमच कामी आला. तीन यंत्रांत जे सगळ्यांत स्वस्त, ते घ्यायचं. हब स्वस्त होतं. दुकानदाराने ते फुंकर मारून दिलं.

साहेबांनी घरी येऊन खोका उघडला. हब होतं, पण त्याला वीज कुठून द्यायची? साहेब परत दुकानात.

"अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो," दुकानदार म्हणाला.

"तसं दरात नमूद नव्हतं."

"तुम्ही विचारलं का? तुम्ही फक्त 'सगळ्यांत स्वस्त कोणतं' एवढंच विचारलंत. सगळ्यांत स्वस्त ते हेच. आणि अडॅप्टर आत्ता नाही, मागवावा लागेल."

मास्तरांना हे कळलं. कळणारच, इमारतीत गोष्ट कळायला जिना उतरावा लागत नाही. ते आपल्या जुन्या रेडिओचा अडॅप्टर घेऊन धावत आले. "वीज ती वीज, साहेब. नदीचं पाणी कुठल्याही कालव्यात जातं."

बायको दारात उभी होती. "मास्तर, त्यावरचे आकडे जुळतात का बघा हो आधी."

"वहिनी, मी मुलांना वीज शिकवलीय."

"तुम्ही भूगोल शिकवायचात ना?"

"शिक्षक कमी असले की सगळंच शिकवावं लागतं," मास्तर म्हणाले आणि बटण दाबलं.

आधी हबवरचे सगळे दिवे एकदम लागले. इतके सुंदर लागले की साहेबांना भरून आलं. मग आतून भजं तळल्यासारखा आवाज आला, मग धूर, मग अख्ख्या इमारतीची वीज गेली. दोन मिनिटांत तळमजल्यावरून डॉक्टर वर आली, हातात मोजे, तोंडाला पट्टी. "कुणी केलं हे? खाली माझा पेशंट आ करून बसलाय! अर्ध्यावर आलेलं यंत्र बंद पडलं!" तिने टेबलावरचं काळं पडलेलं हब पाहिलं. "मी राउटर म्हणाले होते."

"तुम्ही कारण दिलं नव्हतं," साहेब म्हणाले. जबड्याची बधिरता एव्हाना उतरली होती.

वीज आली. फ्यूज कॅशियरने बसवला, सचिव ह्या नात्याने, आणि बसवताना ज्ञानही वाटलं. "स्विचच घ्यायचा होता, साहेब."

"तुम्हीच हब म्हणालात!"

"मी बँकेचं बोललो. बँकेची गोष्ट वेगळी. बँकेत काही चाललं नाही तरी चालतं."

सल्ला देणाऱ्या माणसाचं हे एक असतं. तो कधी बुडत नाही. तुम्ही बुडालात की तो काठावरून सांगतो, मी पोहू नका असंच म्हणालो होतो.

साहेबांनी स्विच आणला. अडॅप्टरसकट, खोक्यातच आहे हे तीनदा विचारून. आता प्रश्न तारेचा. पेटी हॉलमध्ये, बायकोचा संगणक आतल्या खोलीत. दारातून तार नेली तर दार लागणार नाही, जमिनीवरून नेली तर कुणीतरी पडणार. भिंतीला भोक पाडायला हवं. म्हणजे इमारतीची परवानगी हवी. म्हणजे पुन्हा कॅशियर.

"अर्ज द्या," कॅशियर म्हणाला. "बैठकीत ठेवतो."

"बैठक कधी?"

"पुढल्या महिन्यात. गेल्या महिन्याची झाली नाही, म्हणून ह्या महिन्यात ती घेऊ."

"अहो, भोक केवढं! करंगळीएवढं!"

"साहेब, भोक लहान असतं, पायंडा मोठा असतो. आज तुमची करंगळी, उद्या दुसऱ्याचं मनगट. नियम तुम्हाला मी सांगायचा?"

साहेब जिन्यात उभे राहिले. हेच वाक्य त्यांनी स्वतः किती लोकांना ऐकवलं असेल! समोरच्या माणसाचा चेहरा कसा पडतो हे त्यांनी टेबलाच्या त्या बाजूने पुष्कळदा पाहिलं होतं. ह्या बाजूने तो चेहरा कसा लागतो, हे आत्ता कळलं. पण कळलं म्हणून माणूस शहाणा होतो असं थोडंच आहे? तो फक्त चिडतो.

शनिवारी दुपारी, इमारत झोपली असताना, साहेबांनी आयुष्यातला पहिला बेकायदा प्रकार केला. कुणाकडून तरी हातभर लांब टोकाचं ड्रिल मागून आणलं, हॉलच्या भिंतीला लावलं आणि घोडा दाबला. असा आवाज झाला की झोपलेली इमारत आधी उठली आणि मग धावली. मास्तर आले, कॅशियर आला, डॉक्टर आली ती ओळखीचा आवाज ऐकून. "हे माझ्या यंत्रासारखं नका धरू," ती म्हणाली, "तुम्ही भिंतीत मूळ शोधताय का?"

"परवानगी?" कॅशियर ओरडला.

"पुढल्या महिन्यात घेतो!" साहेबही ओरडले. मागे हटणं आता शक्य नव्हतं. मास्तर म्हणाले, थोडं उत्तरेला. साहेबांनी उत्तर कुठली हे विचारलं नाही. विटेचा लाल भुगा साहेबांच्या भुवयांवर बसला. अखेर ड्रिल एकदम आत घुसलं, मऊ मऊ काहीतरी लागलं आणि ते पार निघालं.

मऊ काय लागलं, हे आत जाऊन पाहिल्यावर कळलं. भिंतीच्या पलीकडे कपाट होतं. कपाटात साहेबांचा निरोपसमारंभाचा कोट होता. कचेरीतल्या शेवटच्या दिवशी घातलेला, नंतर खोळीत घालून टांगलेला. ड्रिल कपाटाच्या पाठीतून शिरलं, खोळीतून गेलं, कोटाच्या डाव्या खिशातून, बरोबर काळजाच्या जागी, पार होऊन कपाटाच्या दारातून बाहेर आलं होतं.

कॅशियरने हळूच विचारलं, "कोट काढून घेता, की तार त्यातूनच नेता?"

कोट काढला तर कपाट सरकवावं लागणार होतं, आणि कपाटाला लेकीच्या लग्नापासून कुणी हलवलं नव्हतं. तार कोटातून गेली. आतल्या खोलीत, लेकीच्या संगणकापाशी, ती कपाटाच्या दारातून बाहेर आली. बायकोने ती हातात घेऊन तिच्या टोकाकडे पाहिलं, लहान बाळाच्या बोटाकडे पाहावं तसं.

"अहो, दुसरं टोक मग त्या पेटीच्या मागेच जर—"

"उद्या सगळं जोडतो. तू फक्त काम कर. मी आहे ना!"

रविवारी साहेबांनी जोडणी केली. त्यांच्या डोक्यातला आराखडा चोख होता. पेटीतली आपली तार काढून स्विचमध्ये घालायची, तिच्या जागी पेटीत स्विचसोबतची वीतभर तार लावायची, मग स्विचमधून दोघांना. अडचण एकच, तार खोळीच्या आत होती. दुसऱ्या कुणी खोळ उसवली असती. साहेबांनी फटीत दोन बोटं घातली, आंधळ्यासारखं चाचपलं, गुळगुळीत चौकटी लागल्या, त्यातल्या एकीत तार होती. ओढली. येईना. पाय भिंतीला लावून ओढली. कट्‌ असा आवाज आला आणि तार हातात आली. तिच्या टोकाला एक इवलीशी पारदर्शक जीभ असते, खाचेत अडकून तार धरून ठेवणारी. ती तुटून आत राहिली होती.

तार पुन्हा घातली की बाहेर घसरायची. दाबून धरली की साहेबांचा संगणक बोलायचा, सोडली की मुका. स्विचची तार तर तुटक्या जिभेमुळे खाचेत शिरेचना, त्यावर एकही दिवा लागेना. साहेबांनी चिकटपट्टी लावली, रबर लावलं, खोळीवर जाडजूड शब्दकोश ठेवला. संध्याकाळपर्यंत घरातले दोन्ही संगणक मुके होते. वाटायला काढलेलं इंटरनेट आता कुणाचंच नव्हतं. दुकान एव्हाना मिटलं होतं, आणि सोमवारी ते उघडतच नसे.

सोमवारी सकाळी साहेब उठले तेव्हा बायकोची अंघोळ झालेली होती. तिने चांगले कपडे घातले होते, लग्नकार्यातले. केस विंचरलेले, चष्मा पुसलेला. आतल्या खोलीत काळ्या पडद्यापुढे ती बसली होती, शेजारी टोक केलेली पेन्सिल. संगणकावर पेन्सिलीचं काय काम? काही नाही. पण कामाला बसताना हातात काहीतरी लागतं, आणि तिने आजवर कामाला बसून पाहिलं नव्हतं. ती फक्त उभी राहूनच काम करत आली होती.

साहेब दारात थांबले. उभ्या आयुष्यात त्यांनी माल उशिरा आल्याची किती कारणं लिहिली असतील. आत्ता त्यातलं एकही आठवेना.

"अगं," ते म्हणाले, "प्रकाशनवाल्या बाईंना फोन करून सांगू का? मी बोलतो. म्हणतो, तांत्रिक कारण."

"काही नको," ती म्हणाली. घड्याळाकडे पाहिलं, उठली, शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि हॉलमध्ये गेली.

"अगं, काय करतेस? खोळ—"

तिने शब्दकोश बाजूला ठेवला आणि खोळ उभी कापली. वरपासून खालपर्यंत, स्वतःच घातलेल्या टिपेवरून, सरळ. पेटी बाहेर आली. अजून प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यात होती, कंपनीने दिली तशी. तिच्या मागे चार खाचा होत्या. एका खाचेत तुटकी जीभ. बाकी तीन कोऱ्या करकरीत, मोकळ्या, आ करून बसलेल्या. वर पापुद्र्याच्या आत छापलेलं होतं: राउटर. चार संगणकांसाठी.

बायकोने कोटातून आलेल्या तारेचं हॉलमधलं टोक उचललं आणि दुसऱ्या खाचेत घातलं. टिक्‌ झालं. हिरवा दिवा लागला.

साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"खोळीचं माप घेताना पाहिलं होतं. तुम्हाला विचारलंही होतं, काजं चार ठेवू का? तुम्ही म्हणालात, एकच, धूळ जाते."

"मग आठवडाभर बोलली का नाहीस?"

"बोलले की. दरवेळी तुम्ही मध्येच थांबवलंत. आणि तुम्ही एवढे हिंडताय, मास्तरांना विचारताय, दाढ भरून येताय, म्हटल्यावर मलाच वाटायला लागलं की ही भोकं दुसऱ्याच कशाची तरी असतील." तिने कात्री मिटली. "तिघांना विचारलंत तुम्ही. वापरणार होते मी."

एवढं बोलून ती आत गेली. दहाच्या ठोक्याला पानं आली. पहिल्याच ओळीत चूक होती. ती साहेबांना हॉलमधून ऐकू आली, कारण बायको स्वतःशी म्हणाली, "अरे देवा, हे कुणी लिहिलं?" आणि त्या आवाजात असा काही आनंद होता की तसा त्यांनी ह्या घरात ऐकला नव्हता.

जिन्यात मास्तरांची चप्पल वाजली. काखेत कळसा वगैरे म्हण आता आतपर्यंत येणार हे ओळखून साहेबांनी दाराची कडी लावली. स्विच खोक्यात घातला. खोका कपाटावर ठेवला. व्हरांड्यातल्या त्या पाण्याच्या यंत्राची त्यांना का कोण जाणे आठवण झाली.

मग दहा ते एक काय करायचं, हा प्रश्न आला. आपली तार त्यांनी तिसऱ्या खाचेत घातली. जीभच नाही, धरणार कशी? घसरली. हाताने दाबून धरली की दिवा लागे. पण पेटी एका कोपऱ्यात, खुर्ची दुसऱ्या कोपऱ्यात. तार धरली तर पत्त्यांपर्यंत हात पोचेना, पत्ते धरले तर तार सुटे. पाय लांब करून पाहिला. पायाला अंगठा असतो, पण अंगठ्याला अक्कल नसते.

जमिनीवर फतकल मारून, एका हाताने तार दाबून, साहेबांनी आतल्या खोलीच्या दिशेने हाक मारली.

"अगं... फार नाही. दहाच मिनिटं. इथे येऊन जरा हे धरून बसशील का?"

आतून कळांचा टकटक आवाज थांबला नाही.

"गरजेचं टिपण द्या," बायको म्हणाली. "आणि तिघांची मतं जोडा. कॅशियर, मास्तर आणि डॉक्टर. एकनंतर बघते."